राउटरची जागा

"हात अजून वर करा, वहिनी. हां. आता हलू नका."

रियाज दाराच्या चौकटीत उभा राहून सांगत होता आणि मी आत्यांच्या पलंगाशेजारी, भिंतीला पाठ टेकून, मोबाइल डोक्यावर धरून उभी होते.

"कसली ओवाळणी चाललीय ही?" पलंगावरून आत्यांनी विचारलं.

"सिग्नल मोजतोय, मावशी. खाली लावलेलं वाय-फाय इथं वर किती येतंय ते."

"मोजा. जाता जाता माझं बीपी पण मोजा."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे तासगावात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. दिवाळीच्या आधी मोरीत पाय घसरून आत्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण हाड नीट जुळलं नाही आणि त्यांचं सगळं जगणं त्या पलंगावर आलं. जीभ तेवढी पूर्वीसारखी चालती होती.

मोबाइलवरचा आकडा स्थिर झाला. उणे एकसष्ट.

"एक नंबर," रियाज म्हणाला. "साठच्या आसपास म्हणजे लोण्यासारखं चालणार. पंच्याऐंशीच्या पुढं गेलं की रडारड. हे उलटं असतं, वहिनी. आकडा मोठा तेवढं वाईट."

"माहीत आहे," मी म्हणाले. दर दहा अंकांमागे शक्ती दहा पटींनी कमी होते, हेही माहीत होतं. पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. एकसष्ट, साठ, बासष्ट.

"तीन-तीनदा कशाला? आम्ही एकदा बघतो आणि खिळा ठोकतो."

"आमच्याकडे तीनदाच घेतात."

"म्हणून तर मामांनी तुम्हाला मोजायला लावलं," तो हसून म्हणाला. रियाज मुलाणी माझ्या नवऱ्याचा, सुहासचा शाळेतला मित्र. बाजारपेठेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. जाताना त्याने आत्यांचा मोबाइलही त्या वाय-फायला जोडून दिला. "राउटर दोन-तीन दिवस ठेवून जातो. हवं तिथं लावून बघा. शुक्रवारी ठरवा, शनिवारी काम उरकू." आत्यांच्या मोबाइलवर एक बाई पापडाचं पीठ कुटायला लागली होती. आत्यांनी चष्मा चढवला आणि आम्हा दोघांना विसरल्या.

मी खिशातून कागद काढून आकडे लिहिले. ते मातीच्या पिशवीला लावायचं लेबल होतं, त्याची मागची बाजू. आणि लिहिलं पेन्सिलीने.

याला आता अकरा वर्षं झाली.

आमचं घर वर होतं आणि खाली 'मगदूम माती, पाणी व देठ परीक्षण केंद्र'. मामा सरकारी माती परीक्षण कार्यालयात बत्तीस वर्षं रसायनतज्ज्ञ होते. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी खालच्या तीन खोल्यांत स्वतःची प्रयोगशाळा काढली. मी कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली, लग्न होऊन वर्ष झालेलं. "तुला येतं तर बस खाली," एवढंच ते म्हणाले होते. ती माझी मुलाखत.

तासगाव म्हणजे द्राक्षं. ऑक्टोबरात बागांची छाटणी होते आणि त्यानंतर दीड महिन्याने पानांचे देठ तपासायला येतात. वेलीला काय कमी पडतंय ते देठात कळतं. डिसेंबरात आमच्याकडे दिवसाला पन्नास-साठ पिशव्या येत. देठ धुवायचे, वाळवायचे, दळायचे, आम्लात शिजवायचे आणि मग एकेक घटक मोजायचा. त्यातलं पालाश मोजायचं यंत्र माझं. त्यात एक छोटी ज्योत असते. नमुना तिच्यात फवारला की ज्योतीचा रंग बदलतो आणि यंत्र तो रंग मोजतं. नळी तुंबली, नमुन्यात काही गेलं, गॅसचा दाब हलला, तर आकडा यायच्या आधी ज्योत सांगते. मला ते बघता यायचं. मामा म्हणायचे, "यंत्रापेक्षा हिचा डोळा अर्धा मिनिट पुढं असतो." कौतुकाचं एवढं एकच वाक्य त्यांनी माझ्यासमोर कधी काढलं असेल.

प्रयोगशाळेत तीन कॉम्प्युटर होते. एक बाहेरच्या खोलीत पावत्यांचा, एक यंत्रांच्या खोलीत माझ्याजवळ, एक मामांच्या टेबलावर, जिथे अहवाल छापले जायचे. एकातून दुसऱ्यात माहिती न्यायची तर पेनड्राइव्ह घेऊन चालत जायचं. त्या महिन्याच्या सुरुवातीला त्या पेनड्राइव्हनेच घोळ केला. मणेराजुरीच्या एका बागायतदाराच्या अहवालात सावळजच्या बागेचे आकडे छापले गेले. त्याने भरवशाने खत घातलं. आठवड्याने तो येऊन मामांच्या पुढ्यात कागद ठेवून नुसता उभा राहिला. मामांनी त्याला खुर्ची दिली, चूक कबूल केली, आणि तो गेल्यावर पेनड्राइव्ह उचलून टाकाऊ आम्लाच्या डब्यात टाकला.

"तिन्ही कॉम्प्युटर जोडून घ्यायचे," ते म्हणाले. "वायरीनं का बिनवायरीनं, ते मोजून ठरवू."

दोन्हींच्या बाजूने बोलता येत होतं. रियाजला वाय-फाय हवं होतं; भिंती फोडायला नकोत, एका तासात काम. पण आमच्या हवेत आम्लाची वाफ असायची आणि डिसेंबरात रोज साठ अहवाल. मधेच सिग्नल गेला, अर्धाच अहवाल गेला, तर पुन्हा मणेराजुरी. वायर एकदा नीट ओढली की त्या तीन टेबलांचा प्रश्न मिटला असता. मी तसं म्हणाले, तेव्हा मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "मोज. मग बोल."

हे सगळं त्या तीन टेबलांपुरतंच असतं तर मी खुशाल मोजलं असतं.

दिवसा आत्यांजवळ बसायला सिंधूताई यायच्या. महिनाअखेरीला त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं; त्या चार महिने बार्शीला जाणार होत्या आणि नंतरचंही नक्की नव्हतं. दुसरी बाई आम्ही सगळीकडे शोधली. एक येऊन गेली, तिला आत्यांनी तासाभरात रडवलं. मग सोमवारी जेवताना मामा म्हणाले, "वाय-फाय झालं तर एक सोय होईल. हेमांगी, तुला लॅपटॉपवर सगळे आकडे वरच बघता येतील. अहवाल वरनंच तपासायचे, खताची शिफारस वरनंच लिहायची. तुझ्या आत्याजवळ माणूसही राहील."

"आणि ज्योतीचं यंत्र?" मी विचारलं.

"त्याला एक बी. एस्सी. मुलगी बघितलीय. कवठेमहांकाळची आहे. शिकेल."

ते दुष्टपणे बोलत नव्हते. भाकरी मोडत, उद्या पाऊस येईल का असं म्हणावं तसं बोलले. नाही म्हणायला मला कारण हवं होतं आणि जे कारण होतं ते म्हणायला लाज वाटत होती. आत्यांना उचलणं, स्पंजिंग, भांडं देणं हे सकाळ-संध्याकाळ मी करतच होते आणि त्याचं मला ओझं नव्हतं. पण सकाळी दहा वाजता त्या चौदा पायऱ्या उतरून मी खाली यायचे, पांढरा कोट चढवायचे, गॅस सुरू करून काडी ओढायचे, तेव्हा माझ्या अंगातलं काहीतरी जागेवर बसायचं. ते कोणत्या शब्दांत मांडायचं?

मी सुहासला फोन केला. तो ठिबक सिंचनाच्या कंपनीत होता, आठवड्यातले पाच दिवस सोलापूर-लातूर फिरायचा.

"अगं, घरातच तर आहेस," तो म्हणाला. "खाली काय आणि वर काय? चौदा पायऱ्यांचा फरक."

"काम वेगळं आहे, सुहास."

"तेच काम आहे. उलट बसून करायचं. आम्ही इथं उन्हात मरतोय." मग जरा थांबून, "आईचं कोण करणार, सांग की. तू सांग."



मंगळवारी आम्ही मोजलं ते हे. राउटर बाहेरच्या खोलीत, पावत्यांच्या टेबलावर भिंतीला लावलेला. खाली तिन्ही टेबलांपाशी उणे चाळीस ते पन्नास. वर आत्यांच्या खोलीत एकसष्ट. म्हणजे लोण्यासारखं.

मामांच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. पेन्सिल नाही, सुटा कागद नाही. जे मोजलं ते लगेच नोंदवहीत, पेनाने. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. आठ वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता. मंगळवारी ते लेबल खिशातच राहिलं. रात्री कोट धुवायला टाकताना ते मी काढलं, चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले.

बुधवारी मामा सांगलीला रसायनं आणायला गेले होते. मी राउटर काढून तराजूच्या खोलीत नेला. ती आतली, बिनखिडकीची खोली. हवा हलू नये म्हणून तशी केलेली, आत नाजूक तराजू. तिच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं आणि कपाटामागे भिंतीत फडताळ. कपाटाला टेकून वापरात नसलेली जुनी भट्टी, तिला जाड पत्र्याचं आवरण. वर नेमकी गच्चीपर्यंत जाणारी पाण्याची पाइपलाइन. लोखंड, पत्रा, पाणी, सिग्नल अडवणारं सगळं एका ठिकाणी. मी राउटर फडताळात ठेवला.

कारण तयार होतं. तिथे प्लग आहे, धूळ नाही, आम्लाची वाफ येत नाही. तिन्ही कारणं खरी होती.

मग मी मोबाइल घेऊन वर गेले. पलंगाशेजारी, भिंतीला पाठ लावून, हात डोक्यावर. काल उभी होते त्याच फरशीवर. उणे अठ्ठ्याऐंशी. मिनिटभर थांबले. सत्त्याऐंशी. पुन्हा. नव्वद.

"आज ती बाई मधेच थांबली बघ," आत्या मोबाइल हलवत म्हणाल्या. "पापड लाटता लाटता अशी तोंड उघडं टाकून बसलीय."

"सिग्नल नाही येत, आत्या."

"काल येत होता की."

"असं होतं कधी कधी."

आत्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मोबाइल पालथा घातला.

खाली येऊन मी नोंदवही उघडली. पेनाने लिहिलं. तारीख, वेळ, राउटरचं स्थान: तराजू खोली, फडताळ. प्रत्येक जागेचे तीन-तीन आकडे, सरासरी, सही. एकही आकडा खोटा नव्हता. मी तो कितीही वेळा मोजून दाखवला असता. पण मला पूर्ण ठाऊक होतं की मी प्रयोग केलेला नाही. उत्तर आधी ठरवून ते येईल अशी मांडणी केली होती आणि ती मांडणीही प्रामाणिकपणे नोंदवली होती. विद्यार्थी असते आणि कोणी हे माझ्यासमोर केलं असतं, तर मी त्याच्याबरोबर काम केलं नसतं.

त्या दुपारी ज्योत पेटवताना काडी दोनदा विझली.

शुक्रवारी रियाज आला. मामांनी नोंदवही टेबलावर ओढली, बोट ओळीवरून फिरवत वाचली. मी समोर उभी होते. त्यांचं बोट स्थानाच्या ओळीवर जरा थांबलं असं मला वाटलं. मग पुढे गेलं.

"वर अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "खाली यंत्रांच्या खोलीत पण सत्तरच्या पुढं. म्हणजे वाय-फाय चालत नाही."

"असं कसं?" रियाज म्हणाला. "परवा तर..."

"वहीत हे आहे," मामा म्हणाले.

रियाजने माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघत होते. तो बोलायचा थांबला. मला वाटलं, त्याला वाटलं असेल, घरचा मामला आहे.

"ठीक आहे मामा. वायर ओढतो. तीन पॉइंट."

तीन म्हणजे तिन्ही खालीच. मी पुढच्या नमुन्यांकडे वळणार होते.

"तीन नाही, चार," मामा म्हणाले. "चौथा वर. हिच्या सासूच्या खोलीत."

"नेऊ की. जिन्याच्या कोपऱ्यातनं भोक पाडलं की थेट पलंगाजवळ निघेल. वायरला काय, कुठंही नेता येते."

"बरं पडेल तेच. वायरीचं एक असतं, एकदा बसवली की रोजची कटकट नाही. टेबल तिथंच, मशीन तिथंच. हेमांगी, सुहासचं अभ्यासाचं टेबल आहे ना, ते घे. खिडकीकडं तोंड करून बसलीस तर उजेडही मिळेल."

मी "बरं" म्हणाले.

तीन दिवस मी सिग्नल कुठे पोचतो याचा विचार करत होते. वायर कुठेही नेता येते हे कोणत्याही शाळकरी पोराला कळलं असतं. वाय-फाय असतं तर निदान लॅपटॉप उचलून खाली येता आलं असतं, दुपारी आत्या झोपल्यावर तासभर का होईना. आता मी स्वतःच्या आकड्यांनी सिद्ध केलं होतं की मला पलंगाशेजारी भिंतीतून निघालेल्या दोन हात वायरीच्या टोकाला बसावं लागेल. आणि खरं कबूल करायचं म्हटलं, तर ते आकडे कसे आले ते सांगावं लागणार होतं. ते सांगूनही वाय-फाय लागणार आणि मी वरच. दोन्ही रस्ते त्याच खोलीत जात होते.

शनिवारी सकाळी टेबल वर आलं. रियाजने ड्रिल मशीन, वायरीचं भेंडोळं, पट्ट्या असं सगळं पलंगाच्या पायथ्याशी मांडलं. भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली.

आत्या उशाला टेकून बघत होत्या. "इथं बसणार तू?"

"हो."

"दिवसभर?"

"हो, आत्या."

त्यांनी टेबल, खुर्ची, फुली आणि मग मला, असं क्रमाने बघितलं. "मला तरी डॉक्टरनं बांधून घातलंय," त्या म्हणाल्या. "तुला कोणी गं?"

रियाज खाली वाकून ड्रिलचं पातं बसवण्यात फारच गुंतला.

मी जिना उतरले. बाहेरच्या खोलीत शेतकरी पिशव्या घेऊन बसले होते, त्यांच्यातून वाट काढत आत गेले. मामा तराजूच्या खोलीत होते. तराजूच्या काचेच्या पेटीचं दार लावून, काटा स्थिर व्हायची वाट बघत. अशा वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं. मी बोलले.

"मामा, ती मोजणी चुकीची आहे."

"मोजणी बरोबर आहे," ते तराजूवरची नजर न काढता म्हणाले. "मी गुरुवारी स्वतः वर जाऊन बघितली. तुझी आत्या म्हणाली, मंगळवारी व्हिडिओ चालत होते, बुधवारी बंद पडले. म्हणून गेलो. अठ्ठ्याऐंशीच येतंय. मग राउटर कपाटामागनं काढून बाहेर ठेवला नि परत गेलो. साठ. मग परत कपाटामागं ठेवला."

भट्टीच्या पत्र्यावर मी हात टेकला. ती थंड होती.

"काल मग बोलला का नाहीत?"

"रियाजसमोर?" त्यांनी आकडा वहीत लिहिला, पेनाने. मग माझ्याकडे वळले. "आठ वर्षं बघतोय तुला. एका आकड्यात कधी लबाडी केली नाहीस. ह्यात केलीस. म्हणजे तुला वायरच पाहिजे होती. का पाहिजे होती, ते वहीत नाही. मला वाटलं, वर पक्का पॉइंट पाहिजे असेल. वाय-फाय नको, नीट काम करायचंय असं असेल."

त्यांना खरंच तसं वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. इतका विचार केला होता त्यांनी, आणि माझ्या बाजूनेच केला होता.

"मला खाली बसायचंय," मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सिग्नल वर आला नाही तर खालीच राहीन, असं वाटलं. एवढंच होतं. मला वर बसून आकडे बघायचे नाहीत. ज्योत न बघता मी त्या आकड्यांवर सही करू शकत नाही. आणि करता आली असती तरी मला खालीच बसायचंय."

बाहेर कोणीतरी विचारत होतं, पाण्याची बाटली अर्धी चालेल का पूर्ण पाहिजे. मामांनी चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसला.

"मग वर कोण बसेल?" ते म्हणाले.

हा प्रश्न खरा होता. सुहासने विचारला तेव्हाही खरा होता. त्याला उत्तर नव्हतं म्हणून तर मी कपाटामागे राउटर ठेवला होता.

"सिंधूताई चालल्यात. दुसरी कोणी टिकत नाही. सुहास तिकडं. तू खाली." त्यांनी एकेक बोट मिटलं. शेवटी एक बोट उरलं, ते त्यांनी बघितलं आणि ते थोडं हसले. "मी बसू होय?"

थट्टा होती की विचारत होते, मला आजही सांगता येणार नाही. थट्टाच असावी. सत्तरीला आलेला, बत्तीस वर्षं कार्यालयात काढलेला, घरात पाण्याचा तांब्याही हातात मिळणारा माणूस. मी हसून नाही म्हणायचं आणि वर जायचं, अशी ती जागा होती. दोघांनाही ती ठाऊक होती.

"हो," मी म्हणाले.

मामांचं हसू हळूहळू उतरलं.

"दहा ते सहा," मी म्हणाले. थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. "सकाळचं आणि संध्याकाळचं मी करीन. अहवाल तुम्ही वरनं तपासा. तसेही शेवटची सही तुमचीच असते. तुम्हाला त्यासाठी ज्योत बघावी लागत नाही, ती मी बघते."

"आणि तिला भांडं द्यायचं झालं तर?"

"हाक मारा. चौदा पायऱ्या आहेत. मी येईन."

"लोक काय म्हणतील? बाहेर शेतकरी मला भेटायला येतात, हेमांगी."

"वर पाठवीन त्यांना."

ते तराजूकडे वळले. पेटीत मातीच्या नमुन्याची छोटी ताटली तशीच होती. त्यांनी ती चिमट्याने उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा दार लावलं. जे वजन झालं होतं तेच परत केलं. मी उभी राहिले. निघून जा म्हणाले असते तर मी नक्की वर गेले असते.

"वहीत दुरुस्ती कर," ते शेवटी म्हणाले. "एक रेघ. सही."

मी नोंदवही आणून तिथेच त्यांच्यासमोर रेघ मारली. शेजारी सही केली. राउटरची जागा योग्य नव्हती, असं लिहिलं. का नव्हती, ते लिही असं ते म्हणाले नाहीत.

इतक्यात रियाज जिन्यावरून ओरडला, "मामा, भोक पाडू का? फुली बघून घेता?"

मामा जिन्याच्या तोंडाशी गेले. "वायरच लाव. चारी पॉइंट. आम्लाच्या हवेत वायर बरी," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "फुली दुसऱ्या बाजूला घे. खिडकीसमोर नको. उजेड डोळ्यावर येतो माझ्या."

"तुमच्या?" रियाज म्हणाला.

ड्रिल सुरू झालं. वरून आत्यांचा आवाज आला, "कोण बसणार म्हणालास? हे?" आणि मग ड्रिल भिंतीत शिरलं.

पुढची तीन वर्षं, आत्या होत्या तोवर, सोमवार ते शनिवार मामा वर बसले. सुहास माझ्याशी दोन महिने धड बोलला नाही. गावात आमच्याबद्दल जे बोललं जात असे ते मला बाहेरच्या खोलीत, पिशव्यांवर नावं लिहिताना ऐकू यायचं. खाली ज्योतीसमोर बसलेली असताना डोक्यावर मामांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि दर वेळी माझा हात क्षणभर थांबायचा. ती खोली कशी आहे, ते मला माहीत होतं.

पण हे सगळं नंतर. सिंधूताई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या सकाळी, दहाला पाच मिनिटं असताना मामा खाली आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कार्यालयात जायला निघाल्यासारखे. कपाटातून स्वतःची नोंदवही काढून काखेत घेतली. एकदा सगळ्या खोल्यांवरून नजर फिरवली. मी गॅसची कळ उघडत होते.

ते जिना चढायला लागले. सहाव्या-सातव्या पायरीवर थांबले. माझ्याकडे पाठच होती.

"हेमांगी," ते हळू म्हणाले, वर ऐकू जाऊ नये असं. "ती चहात साखर किती घेते?"

"अर्धा चमचा," मी म्हणाले.

त्यांनी नोंदवही कठड्यावर टेकवली, पेन काढलं, आणि लिहून घेतलं.